साइटवर 'डिस्पोज्ड', वकील म्हणतात 'तारीख पडली': खरं कोणाचं?

प्रश्न: वडिलांचा वाटणीचा दावा अंबाजोगाईच्या कोर्टात २०१४ पासून आहे. मी पुण्यात नोकरीला. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर बघितलं तर २०२२ मध्येच 'केस डिस्पोज्ड' दिसतंय. वकीलसाहेब मात्र अजून 'तारीख पडली' म्हणतात, फी पण घेतात. आम्हाला फसवतायत का? दुसरं म्हणजे, शेजारचा गट विकत घ्यायचा विचार आहे. त्यावर केस नाही ना, हे याच साइटवर खात्रीनं कळेल का?

उत्तर:

बहुधा तुमचे वकीलही खरं बोलतायत आणि साइटही. आधी तालुका कोर्टात आणि मग खंडपीठात मिळून वीस-बावीस वर्षं काढल्यावर सांगतो, वाटणीच्या दाव्यात हा घोळ दर दुसऱ्या घरात होतो. गावाकडून फोन येतो, "साहेब, मोबाईलात तर डिस्पोज दाखवायलंय, मग आम्ही कशाला यायलोत कोर्टात?"

वाटणीच्या दाव्याचे दोन टप्पे असतात. पहिल्यात कोर्ट फक्त हिस्से ठरवतं: वडिलांना एक चतुर्थांश, दोन्ही काकांना तेवढंच, आत्याला तेवढंच. हा प्राथमिक हुकूमनामा. तो झाला की दावा रजिस्टरला निकाली निघतो आणि संगणकात 'डिस्पोज्ड' उमटतं. पण गट नंबर तसाच राहतो, बांध तसाच राहतो, कसणाराही तोच राहतो. शेतसारा लागू असलेली जमीन कोर्ट स्वतः वाटून देत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथून तहसील, तहसीलमधून भूमी अभिलेख, मग मोजणी, वाटप तक्ता, त्यावर हरकती, आणि शेवटी ताबा. यासाठी हुकूमनामा घेऊन कोर्टात पुन्हा दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, टाकावी लागते, आणि दरखास्तीला नवा नंबर पडतो. तुमचे वकील ज्या तारखा सांगतायत त्या बहुधा या दरखास्तीच्या. तुम्ही बघताय जुन्या दाव्याचं पान.

दुसरी शक्यता अपिलाची. निकाल विरोधात गेलेल्या काकांनी अपील केलं असेल तर तेही वेगळ्या नंबरानं जिल्हा न्यायाधीशांसमोर चालतं. अंबाजोगाईला ते कोर्टही आहे, त्यामुळे एकाच आवारात तुमच्या घराच्या दोन केसेस असू शकतात. मूळ दाव्याच्या पानावर त्यातलं काही आपोआप दिसेल, या भरवशावर राहू नका.

आता तुम्ही करायचं ते असं. आधी दाव्याचं पान उघडून खाली 'निकालाचं स्वरूप' अशी ओळ आहे का बघा. ही ओळ कोणी वाचत नाही, खरी माहिती मात्र तिथे असते. दोन्ही बाजू ऐकून निकाल झाला, तडजोड झाली, दावा मागे घेतला, की गैरहजेरीत काढून टाकला, हे त्या दोन-तीन शब्दांत असतं. गैरहजेरीत काढलेला दिसला तर तुमची शंका रास्त, आणि मग घाईही करायला हवी, कारण दावा पुन्हा फाईलवर घेण्याच्या अर्जाची मुदत ३० दिवसांची आहे. २०२२ पासून आज म्हणजे विलंब माफीचा अर्जही लागेल आणि विलंबाची कारणं कोर्टाला पटवावी लागतील. 'लोक अदालत' दिसलं तर तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, हे लक्षात ठेवा. 'ट्रान्सफर' दिसलं तर केस दुसऱ्या कोर्टात गेली आहे. अशा वेळी केसचा ओळख नंबर (सीएनआर) बदललेला असू शकतो, आणि जुन्या नंबराला चिकटून बसलेला माणूस पुढच्या सगळ्या तारखा चुकवतो.

सीएनआर म्हणजे केसचा आधार नंबर समजा. सोळा अक्षरं असतात. नमुन्यादाखल एमएचएयू०१००१२३४२०१९ असा नंबर घ्या. एमएच म्हणजे महाराष्ट्र, एयू म्हणजे जिल्हा. पुढचे दोन आकडे त्या जिल्ह्यातलं कोर्ट सांगतात, मग सहा आकडी अनुक्रम आणि शेवटी वर्ष. एयू हे औरंगाबादचं. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं तरी जुन्या केसेसच्या नंबरातून एयू गेलेलं नाही. धाराशिवचंही तसंच. यादीत नव्या नावानं जिल्हा सापडला नाही तर जुन्या नावानं बघा. आणि सीएनआरमधला अनुक्रम दाखल करतानाचा असतो, दाव्याला पडलेला नंबर नव्हे. दावा आर.सी.एस. (नियमित दिवाणी दावा) ४५/२०१४ असेल आणि सीएनआरमध्ये ४५ कुठेच नसेल, तर चूक झाली असं समजू नका.

दरखास्तीचा सीएनआर हाताशी नसेल तर पक्षकाराच्या नावानं शोधावं लागेल. इथे माणसं हमखास अडतात. राज्य, जिल्हा निवडल्यावर 'कोर्ट कॉम्प्लेक्स' विचारतात, तिथे बीड निवडलं तर अंबाजोगाईचं काही दिसणार नाही. वर्ष टाकावं लागतं, आणि ते एकेकच. म्हणजे २०२२, २०२३, २०२४ असं प्रत्येक वर्ष वेगळं शोधायचं. प्रलंबित, निकाली आणि दोन्ही असे तीन पर्याय असतात, त्यातला 'दोन्ही' निवडा. नाहीतर फक्त चालू केसेस दिसतील आणि तुम्ही 'काहीच नाही' म्हणून मोकळे व्हाल. प्रकारांच्या यादीत 'डीकेएसटी' असं विचित्र काहीतरी दिसलं तर ते दरखास्त. स्वर गाळून टाकलेत बिचाऱ्याचे.

नावाचं स्पेलिंग ही खरी डोकेदुखी. आपल्याकडे दर चौथ्या घरात एक ज्ञानोबा. हे नाव इंग्रजीत डी-एन-वाय नं सुरू होतं, जी-वाय नं होतं, जी-एन नंही होतं, आणि एका दाव्यात तर मी ते डी-वाय नं पाहिलंय. संगणकाच्या लेखी ही चार माणसं. विठ्ठलमध्ये टी किती, एच किती, हे टाईप करणाऱ्याच्या मर्जीवर. शेख हे आडनाव तीन तऱ्हेनं लिहिलेलं असतं, कधी नावाच्या आधी, कधी नंतर. म्हणून पूर्ण नाव टाकूच नका. तीन-चार अक्षरं पुरतात. मी ज्ञानोबासाठी फक्त शेवटचा भाग टाकतो, 'एन-ओ-बी-ए'. यादी लांब येते, पण त्यात आपला माणूस सापडतो. तरी नाही सापडला तर बापाचं नाव, नाहीतर समोरच्याचं आडनाव. काकांचं आडनाव तुमचंच असणार, त्यामुळे वाटणीच्या दाव्यात नुसत्या आडनावावर अर्धं काम होतं.

सापडलं की त्या पानावर तारखांचा तक्ता असतो. कोणत्या न्यायाधीशांसमोर, कोणत्या तारखेला काय झालं, पुढची तारीख कोणती आणि कशासाठी. यातल्या तारखेवर बोट ठेवलं तर त्या दिवसाचं कामकाज उघडतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. ते वाचा. 'तारीख पडली' या दोन शब्दांत वकील जे सांगत नाहीत ते तिथे दिसतं: समोरच्याला नोटीस लागलीच नाही, बेलीफचा अहवाल आला नाही, आपल्याच बाजूनं मुदत मागितली, न्यायाधीश रजेवर होते. सलग पाच-सहा तारखांना आपल्याच बाजूचा मुदतीचा अर्ज दिसला, तर मग वकिलांना जरूर विचारा. नोटीस न लागणं हे मात्र वकिलाचं पाप नसतं. पत्ता पक्षकारानंच दिलेला असतो, आणि काका मुलाकडे चाकणला राहायला गेलेत हे सांगायचं आपणच विसरलेलो असतो.

'निशाणी' (कागदाला कोर्टात पडणारा नंबर) हा शब्द तिथे इंग्रजी संक्षेपात येईल, 'एक्झिबिट ५' असा. निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. दावा दाखल करतानाच तो बहुतेक वेळा सोबत असतो, म्हणून त्याला पाचच नंबर पडतो. 'निशाणी ५ वर युक्तिवाद' म्हणजे दाव्याचा युक्तिवाद नव्हे. गावात पेढे वाटून झाल्यावर हे समजावून सांगताना माझी फार पंचाईत झालेली आहे.

तरीही साइटवरच्या तारखेवर आंधळा विश्वास नको. यात माझे हात पोळलेले आहेत. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका तालुका कोर्टात माझा एक मनाईचा दावा होता. ॲपवर पुढची तारीख १८ दिसत होती. माझ्या डायरीत कारकुनानं ८ लिहिलं होतं. डायरी चुकली असं मीच ठरवलं, कारण मोबाईल म्हणजे सरकारी माहिती! ८ तारखेला पुकारा झाला, समोरचे हजर, आम्ही गैरहजर, दावा काढून टाकला. १८ ला मी टेचात कोर्टात गेलो तेव्हा कळलं. रोजनाम्यावर स्पष्ट ८ होता, संगणकात भरताना आधी एक आकडा जास्त पडला होता. मुदतीत अर्ज करून दावा परत फाईलवर आणला, समोरच्याला खर्च द्यायचा हुकूम झाला, तो मी खिशातून भरला. पक्षकार म्हातारा होता. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, तुमच्या मोबाईलापेक्षा आमचं कालनिर्णय बरं की." तेव्हापासून तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या केसेसची यादी, बघतोच. त्या साइटवर 'कॉज लिस्ट' नावानं तो मिळतो. केस बोर्डावर असेल तर तारीख पक्की. नसेल आणि तुमच्याकडे तारीख असेल, तर सकाळी कोर्टात माणूस पाठवायचा.

फोनमध्ये ई-कोर्ट्सचं ॲप घेतलंत तर केस 'माय केसेस' मध्ये जपून ठेवता येते, म्हणजे दर वेळी नाव शोधायला नको. पण ही यादी तुमच्या फोनमध्येच राहते. फोन बदलला, ॲप काढून परत टाकलं, की यादी गेली. त्याच ॲपमध्ये यादी फाईल म्हणून बाहेर काढून ठेवायची सोय आहे, ती वापरा. माझ्या एका ज्युनियरच्या तीनशे केसेस एका दुपारी अशाच उडाल्या होत्या. आणि वकीलपत्र देताना तुमचा स्वतःचा मोबाईल नंबर केसमध्ये नोंदवायला सांगा, म्हणजे तारखेचा एसएमएस थेट तुम्हालाच येऊ शकतो.

प्रकरण पुढे हायकोर्टात गेलं तर साइट बदलते. बीडसह मराठवाड्याचे आठही जिल्हे, शिवाय नगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार औरंगाबाद खंडपीठाकडे येतात. तिथला शोध मुंबई हायकोर्टाच्या साइटवर घ्यायचा आणि आधी खंडपीठ निवडायचं. ते विसरलं तर मुंबईतली भलतीच याचिका समोर येते. तिथे प्रकरण दाखल झालं की आधी स्टॅम्प नंबर मिळतो. कार्यालयाच्या हरकती दूर झाल्यावर खरा नंबर. हरकतींची माहितीही साइटवर दिसते. प्रकरण बोर्डावर येत नाही म्हणून लोक न्यायाधीशांच्या नावानं बोटं मोडतात, आणि तिकडे एका पानाचं भाषांतर जोडलेलं नसतं म्हणून फाईल महिनाभर हरकतीत पडलेली असते.

साइटवरून निकालाची प्रत उतरवून घेता येते. ती वाचण्यापुरती. अपिलाला, तलाठ्याला, बँकेला नकलेचीच प्रत लागते, सही-शिक्क्याची. निकाल विरोधात गेला असेल तर त्याच दिवशी नकलेला अर्ज टाका. जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस, हायकोर्टात पहिल्या अपिलाला ९० दिवस, आणि नक्कल मिळायला लागलेला काळ मुदतीतून वजा होतो. पण अर्जच उशिरा टाकला तर वजा काय होणार?

आता शेजारच्या गटाचं. इथे माझं उत्तर साफ 'नाही' असं आहे. या साइटवर गट नंबर टाकून शोधायची सोय नाही. नावानंच शोधावं लागतं, आणि नाव कोणाचं टाकायचं हाच प्रश्न आहे. विकणारा म्हणतो 'माझ्या नावावर सातबारा आहे', तुम्ही त्याचं नाव टाकता, काही येत नाही, तुम्ही खूश. पण दावा त्याच्या मेलेल्या बापाच्या नावानं चालू असेल तर? वारस लावायचे राहिलेले असतात आणि संगणकात अजून बापच पक्षकार असतो.

त्याहून मोठी गोष्ट बहिणींची. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मतः हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची. त्या तारखेला बाप जिवंत असलाच पाहिजे असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे लग्न होऊन वीस वर्षं झालेली बहीणही हिस्सा मागू शकते. ती दाव्यात वादी म्हणून सासरच्या आडनावानं येते. एकदा असंच एक सातबारा घेऊन आलेलं गिऱ्हाईक होतं, गंगाखेडकडचं. विकणाऱ्याच्या नावावर काही सापडेना. मी त्याला फक्त विचारलं, याला बहिणी किती आणि कुठे दिल्यात? तो म्हणाला दोन, एक परभणीत, एक नांदेडला. परभणीवालीचं सासरचं आडनाव टाकलं आणि त्याच वर्षी दाखल झालेला वाटणीचा दावा समोर आला. प्रतिवादीच्या रकान्यात विकणाऱ्याचं नाव होतं, फक्त स्पेलिंग वेगळं. व्यवहार तिथेच थांबला. दावा चालू असताना घेतलेली जमीन त्या दाव्याच्या निकालाला बांधलेली असते. बहिणीला हिस्सा मिळाला तर तो तुमच्या जमिनीतून निघू शकतो.

शिवाय जमिनीचे कितीतरी वाद दिवाणी कोर्टात नसतातच. फेरफारावरची हरकत मंडळ अधिकाऱ्याकडे, अपील उपविभागीय अधिकाऱ्याकडे. महसुली प्रकरणांसाठी राज्याची वेगळी साइट आहे, ई-क्यूजे कोर्ट्स नावाची, तीही बघा, पण तिथे काही नाही म्हणजे तहसीलमध्येही काही नाही, असं समजू नका. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून कुळांचं प्रकरण इथे १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याखाली चालतं. संरक्षित कुळाची नोंद, इनामी जमीन, देवस्थानाची जमीन, वक्फची जमीन, यातलं कोर्टाच्या साइटवर काहीही कळत नाही. त्यासाठी सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना, जुने फेरफार आणि १९५४-५५ ची खासरा पाहणी काढावी लागते. खासरा पाहणीचा कागद तहसीलमध्ये मिळतो. पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या, पण त्या एका कागदानं मी दोन मोठे व्यवहार रद्द झालेले पाहिलेत.

तेव्हा इसार देण्याआधी विकणाऱ्याच्या बापाचं, आजोबांचं, सगळ्या भावा-बहिणींचं नाव लिहून घ्या, बहिणींची सासरची आडनावं आणि गावं सकट. प्रत्येक नाव गेल्या बारा-पंधरा वर्षांसाठी अंबाजोगाई आणि बीड, दोन्हीकडच्या कोर्टांत शोधा. कंटाळवाणं काम आहे, एक रविवार जाईल. त्यानंतर कोर्टात शोध अर्ज द्या आणि सातबारा-फेरफार घेऊन एखाद्या स्थानिक वकिलाला बसवा. तो वकील विकणाऱ्यानं सुचवलेला नको.

आणि तुमच्या वकिलांना 'फसवता का' असं विचारू नका. फोन करून म्हणा, "साहेब, दरखास्तीचा सीएनआर आणि प्राथमिक हुकूमनाम्याची नक्कल व्हॉट्सॲपवर टाका ना." दोन दिवसांत आलं तर प्रश्न मिटला. दरखास्तीचा सीएनआर आलाच नाही, आणि नावानं शोधूनही दरखास्त सापडली नाही, तर हुकूमनामा तसाच पडून आहे असं समजा आणि पुढच्या सुट्टीत हुकूमनाम्याची नक्कल स्वतः काढून आणा.